अकरानंतरचे वॅट

जनरेटर अकराला बंद होतो.
आधी दिवा एकदा डोळा मिचकावतो,
मग धक्क्याजवळच्या टपरीतली घरघर थांबते
आणि बेटावर फक्त समुद्र बोलत राहतो.

त्यानंतर माझ्याकडे असते एक बॅटरी,
नोल्बेर्तोच्या विकलेल्या होडीतून काढलेली.
टोकांवर हिरवट बुरा. भरते, पण धरून ठेवत नाही,
आमच्या वयाच्या माणसांसारखी.
तिच्यावर पहिला हक्क लसींच्या फ्रिजचा.
उरेल त्यावर दवाखान्याचा लॅपटॉप रात्रभर जागा ठेवायचा,
असा कास्त्रोच्या मोठ्या इस्पितळाचा हुकूम.
कशावर जागा ठेवायचा, ते हुकुमात नव्हतं.

जुलै. आमच्याकडे ऐन थंडीचा महिना.
भाच्यानं, बेलार्मिनोनं, पुंता अरेनासहून मीटर पाठवला होता,
लोकरी मोज्यात गुंडाळून.
मी मोजायला बसले.
शिंपल्यांचं पोतं तोलावं तसं,
आधी पाणी निथळू देऊन.

दोन्ही बंद : नऊ पूर्णांक चार.
वायर लावली : नऊ पूर्णांक नऊ.
वायर काढून वायरलेस : दहा पूर्णांक तीन,
आणि म्हाताऱ्या एलेउतेरिओचा जुना ईसीजी पाठवून पाहिला
तर थेट अकरावर उडी.

चुलीपाशी बटाटे सोलता सोलता नोल्बेर्तो म्हणाला,
"सांगत नव्हतो? हवेत बोलायचं तर ओरडावं लागतं.
दोराला नुसता हिसका पुरतो.
चाळीस वर्षं होडी बांधली, एदुविना,
वाऱ्यानं नाही बांधली."

खरं होतं. पण मी मीटरवरून नजर हलवली नाही.
पाच मिनिटं कुणी काही पाठवलं नाही, मागितलं नाही,
तेव्हा वायरलेसचा आकडा पाय न वाजवता खाली उतरला :
नऊ पूर्णांक सहा.
म्हणजे ते झोपतं.
मधूनच एक डोळा उघडून विचारतं,
माझ्यासाठी काही आलंय का,
आणि पुन्हा कूस बदलतं.

पुन्हा वायर लावली. थांबले, तितकाच वेळ.
नऊ पूर्णांक नऊ. तसूभर हलली नाही.
निरोप असो नसो,
दोन्ही टोकं घट्ट धरून बसलेली.
माझी आई अशी बसायची खिडकीत
बाबांची होडी लागेपर्यंत.
काही करायची नाही, आणि सकाळी दमलेली असायची.

"मग झोपणारं बरं," मी म्हटलं.
नोल्बेर्तोनं बटाट्याची साल एकसंध उतरवली.
उत्तर दिलं नाही.

मग माझं लक्ष गेलं कोपऱ्यातल्या पांढऱ्या डबीकडे,
जिच्या पोटातून दोघांनाही जावं लागतं.
तिला मीटर लावला. सहा वॅट.
काही न करता. हिरवे दिवे लुकलुकवत. सहा.
लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड दोन पायऱ्या उतरवला
तर दीड वॅट उगाच हातात आला.
तासभर आम्ही दाराची फट चिंध्यांनी बुजवत होतो
आणि खिडकी सताड उघडी.

त्याच आठवड्यात, पहाटे तीनला,
एलेउतेरिओला छातीवर हात दाबून
त्याच्या सुनेनं ढकलगाडीतून आणलं.
फळीवर निजवला. पट्टी काढली, पाठवली.
बॅटरी मरणपंथाला. पडदा इतका मंद
की काचेला नाक लावून वाचत होते.
मध्ये पाणी गरम करायला आत गेले,
आले, तोवर उत्तर येऊन थांबलेलं :
गोळी जिभेखाली. सहाची बोट निघतेय. त्याला उठू देऊ नका.

तो वाचला, आणि बोटीत चढताना
स्ट्रेचर उचलणाऱ्यांना शिव्या देत होता.

उजाडल्यावर पाहिलं तर वायर लावलेली.
मी लावली नव्हती.
नोल्बेर्तो जळणाचे ओले ओंडके रचत होता,
पाठमोरा.
"तू आत गेलीस तेव्हा," तो म्हणाला.
"माणूस अडकलेला असताना
झोपाळू गड्यावर सोडून कसं चालेल?"

पूर्णांक तीन वॅटचा फरक होता, रात्रभराचा.
मला आकडा तोंडपाठ होता.
मी मीटर बेलार्मिनोच्या मोज्यात परत घातला
आणि त्याला म्हटलं, ओंडके चुलीजवळ ठेव,
तिथे लवकर वाळतील.